कुंपणाबाहेरचा सडा

कोकण रेल्वेने संगमेश्वर सोडले की रत्नागिरीच्या अलीकडे उक्षी नावाचे छोटे स्थानक लागते. या गावच्या सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या सपाट, उघड्या कातळात, एक मोठा हत्ती कोरलेला आहे. तो कोणी कोरला, कशाने कोरला, कशासाठी कोरला, यातले काहीच गावाच्या आठवणीत उरलेले नव्हते. तरीही त्याचे मोल ध्यानात आल्यावर गावकऱ्यांनी पुढाकार घेऊन त्याच्याभोवती चिऱ्यांची भिंत घातली आणि आख्खी आकृती नजरेत यावी म्हणून जरा उंचावरून पाहण्याची सोय केली. आज रत्नागिरीला येणारा जाणता पर्यटक रत्नदुर्ग, थिबा राजवाडा आणि गणपतीपुळे यांच्या जोडीला उक्षीही करतो. भिंतीपाशी उभा राहतो, सोंड कुठली आणि पाय कुठले हे उमगले की फोटो काढतो आणि गाडीत बसतो. दहा मिनिटांत काम उरकते. या प्रकरणाचे म्हणणे असे, की त्या दहा मिनिटांत मुख्य गोष्ट पाहायची राहून जाते, कारण ती भिंतीच्या बाहेर असते. उक्षीचा हत्ती, जांभरुणच्या पन्नासेक आकृत्या, कशेळीचा अवाढव्य हत्ती किंवा बारसूचा दोन वाघांमधला माणूस ही सुटी शिल्पे नव्हेत. सड्याला वगळून त्यांचा अर्थ लागत नाही आणि त्यांचे रक्षणही होत नाही. रत्नागिरी जिल्ह्यात अजब खडकांचे नैसर्गिक उद्यान म्हणावे असे काही असेल, तर ते आख्खे सडेच आहेत. हे म्हणणे गावप्रेमातून आलेले वाटू नये म्हणून ते दगडापासून, पाण्यापासून आणि जमिनीच्या कागदपत्रांपासून तपासून पाहू.

सुरुवात दगडापासून. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या थरांवर थर साचून दख्खनचा काळा पाषाण तयार झाला. सह्याद्री त्याचाच आहे आणि कोकणपट्टीचा पायाही त्याचाच. पण रत्नागिरीत डोळ्यांना दिसतो तो काळा पाषाण नव्हे, तर तांबूस, छिद्राछिद्रांचा जांभा. उष्ण हवा आणि भरपूर पाऊस यांच्या माऱ्यात खडक दीर्घकाळ कुजत राहिला की त्यातले विरघळणारे घटक, म्हणजे सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि पुष्कळशी सिलिका, पाण्याबरोबर निघून जातात. मागे राहतात ती लोहाची आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडे. तीच वर घट्ट होऊन कठीण कवच बनते. कवचाखाली मात्र अर्धवट कुजलेली मऊ, पांढुरकी-जांभळट चिकणमाती असते आणि तिच्याखाली मूळ खडक. जांभ्याचा एखादा ताजा तुटलेला तुकडा हातात घेऊन पाहिला तर आतल्या वेड्यावाकड्या नळ्या दिसतात. काहींच्या कडा गंजासारख्या तपकिरी, काहींच्या पोकळीत पिवळसर माती भरलेली. पाणी इथून गेले, त्याने काय नेले आणि काय ठेवले, याचा तो आराखडाच आहे. रत्नागिरी परिसरात विहिरी खणताना जांभ्याच्या आणि काळ्या पाषाणाच्या दरम्यान लिग्नाइट आणि जळका-कुजका लाकूडफाटा सापडल्याच्या जुन्या नोंदी आहेत. म्हणजे लाव्हा थंड झाल्यावर इथे दलदल होती, झाडी होती, गाळ साचला होता, आणि मग त्या सगळ्यावर जांभ्याचे कवच चढले. आपण ज्याला ओसाड सपाटी म्हणतो, तिच्या पोटात एक जुने जंगल गाडलेले आहे.

या दगडाचा आणखी एक गुण आपल्या मुद्द्याला थेट लागू पडतो. जांभा जमिनीच्या आत असतो तोवर नरम असतो. उघडा पडून वाळला की लोहाची ऑक्साइडे घट्ट होत जातात आणि तो टणक होतो. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश वैद्याने 1807 साली छापलेल्या प्रवासवृत्तात मलबारातल्या अंगाडिपुरमचा असा दगड वर्णिला आणि त्याला शास्त्रीय नाव दिले. त्या जागेला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने पुढे राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक ठरवले. कोकणातल्या चिरेखाणीवर काम करणाऱ्याला हे शिकवावे लागत नाही. वरचा पापुद्रा काढून टाकायचा, खालचा ताजा दगड कापायचा आणि चिरे उन्हापावसात ठेवून मग भिंतीला लावायचे, हा त्याचा रोजचा व्यवहार. आता ही गोष्ट कातळशिल्पांकडे वळवा. सड्याचा वरचा पापुद्रा हा या दगडाचा सर्वांत कठीण भाग. त्यावर मारलेली रेघ झिजायला अतिशय वेळ लागतो. शिवाय तो जवळजवळ आडवा, सलग आणि झाडांच्या मुळांना थारा न देणारा. इतकी मोठी, इतकी टिकाऊ पाटी काळ्या पाषाणाच्या उतारावर मिळणार नाही आणि भाताच्या खाचरात तर नाहीच. कशेळीच्या हत्तीची लांबी सुमारे 18 मीटर आणि उंची 13 मीटर सांगतात. त्याच्या अंगात इतर प्राण्यांच्या अनेक आकृत्या भरलेल्या आहेत. एवढे चित्र आधी सडा असल्याशिवाय कोणाच्या मनातही आले नसते. शिल्प सड्यावर आहे एवढे म्हणून भागत नाही, ते सड्यामुळे आहे.

गेल्या काही वर्षांत सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई या स्थानिक अभ्यासकांनी वाडीवाडीत विचारत, सडे तुडवत ही शिल्पे नोंदवली, तेव्हा कुठे त्यांचा पसारा कळला. नोंदी हजारावर गेल्या आणि गावांची संख्या सत्तरच्या आसपास पोचली. 2022 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा तात्पुरत्या यादीत कोकणातल्या नऊ जागा गेल्या. त्यांतल्या उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे या सात रत्नागिरी जिल्ह्यातल्या. सिंधुदुर्गातली कुडोपी आणि गोव्यातले फणसैमाळ या उरलेल्या दोन. वय किती, हा प्रश्न लगेच येतो. कातळावरच्या रेघेत काळ मोजता येईल असे कोळशाचे किंवा हाडाचे काही उरत नाही, त्यामुळे अभ्यासक शैली, आजूबाजूला मिळणारी दगडी हत्यारे आणि चित्रांतले प्राणी यांवरून अंदाज बांधतात. हे अंदाज दहा-बारा हजार वर्षांपूर्वीच्या मध्याश्मयुगापासून थेट ऐतिहासिक काळाच्या उंबरठ्यापर्यंत पसरलेले आहेत. चित्रांत शेती दिसत नाही, म्हणून ती शेतीपूर्व काळातली, असा युक्तिवाद पुष्कळदा केला जातो. मला तो एकटा पुरेसा वाटत नाही, कारण न काढलेल्या चित्रावरून निष्कर्ष काढणे निसरडे असते. देवळाच्या भिंतीवर नांगर कोरलेला नसतो म्हणून देऊळ बांधणारे शेती करत नव्हते असे ठरत नाही. गेंड्याच्या आकृतीचा पुरावा त्याहून बळकट आहे. आज कोकणात गेंडा नाही, पण गुजरातमधल्या लांघणज या मध्याश्मयुगीन स्थळी गेंड्याचे अवशेष मिळाले आहेत. म्हणजे पश्चिम भारतात माणसाने गेंडा पाहिला होता. गेंड्याला उंच गवत लागते, पाणथळ लागते, डुंबायला चिखल लागतो. हे चित्र नीट वाचायचे तर नजर चित्रावरून उचलून भोवतालच्या सपाटीकडे, तिच्या डबक्यांकडे आणि खालच्या खाडीकडे न्यावी लागते.

नजर न उचलल्याने काय घोटाळा होतो याचे उत्तम उदाहरण राजापूर तालुक्यातल्या देवाचे गोठणे इथे आहे. तिथल्या सड्यावर एक मानवाकृती कोरलेली आहे आणि तिच्या परिसरात होकायंत्राची सुई भरकटते. ही गोष्ट खरी आहे आणि कोणालाही करून पाहता येते. तिच्याभोवती लगोलग कथा तयार झाली, की प्राचीन लोकांना चुंबकशक्तीचे ज्ञान होते आणि त्यांनी ती जागा मुद्दाम निवडली. आता सुईकडेच नव्हे तर सड्याकडे पाहू. जांभ्यात लोहाची खनिजे ठासून भरलेली आहेत आणि त्यांतली काही चुंबकत्व धरून ठेवणारी आहेत. सडा म्हणजे झाडांशिवायची उंच सपाटी, आणि कोकणात वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजांचा धुमाकूळ असतो. उघड्या खडकावर वीज पडली की क्षणभर प्रचंड विद्युतप्रवाह त्यातून जातो आणि त्याच्या आसपासचा खडक तीव्रपणे चुंबकित होतो. खडकांच्या जुन्या चुंबकत्वाचा अभ्यास करणारे जगभरचे भूशास्त्रज्ञ डोंगरमाथ्यांवरचे नमुने याच कारणाने जपून घेतात. देवाचे गोठणे येथील प्रकाराचे हे सर्वांत साधे स्पष्टीकरण आहे आणि ते पडताळताही येते. कारण वीज असेल तर सुई भरकटणारे असे तुकडे त्याच आणि शेजारच्या सड्यांवर, जिथे एकही आकृती नाही तिथेही, सापडले पाहिजेत. कारण कोरणाऱ्याचे गुप्तज्ञान असेल तर ते फक्त शिल्पांपाशीच सापडतील. चित्रापुरते पाहणाऱ्याला ही कसोटी सुचतच नाही, कारण तुलनेला लागणारा उरलेला सडा त्याने आधीच हिशेबातून वगळलेला असतो. शिवाय सुई हाताशी असल्याशिवाय सुईचे भरकटणे कोणाला कळणार, हा साधा प्रश्न या कथेत कोणी विचारत नाही, तो भाग निराळा.

सड्याचा दुसरा हिशेब पाण्याचा. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. हा पाऊस सड्यावर पडला की थोडा वाहून जातो, थोडा खळग्यांत साचतो आणि उरलेला जांभ्याच्या भेगांतून, नळ्यांतून खाली मुरतो. खाली चिकणमातीचा थर आला की त्याची वाट अडते. मग तो आडवा सरकत सड्याच्या कडेला, उतारावर, झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडतो. कोकणातल्या वाड्या सड्याच्या माथ्यावर नसून कडेखाली का वसल्या, विहिरी, पोफळीच्या बागा आणि पाटाचे पाणी तिथेच का, याचे उत्तर या थरांत आहे. चिकणमाती म्हणजे जणू गाळणीखाली ठेवलेले भांडे. गाळणी फोडली, तिच्यावर सिमेंट ओतले किंवा भांड्यालाच भोक पाडले, तर परिणाम सड्यावर दिसत नाही. तो दीडशे फूट खाली, एप्रिलमध्ये, विहिरीच्या तळाशी दिसतो. एवढा पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकर का लागतो, याची कारणे अनेक आहेत. त्यांत सड्यांशी आपण कसे वागलो हेही एक आहे.

आणि तिसरा हिशेब जीवांचा. मे महिन्यात सडा पाहिला तर त्याला मृत म्हणावेसे वाटते, यात पाहणाऱ्याचा दोष नाही. तापलेला दगड, करपलेले गवत, दगडाखाली दबा धरून बसलेले फुरसे. फुरशांसाठी हा जिल्हा इतका कुप्रसिद्ध, की एकोणिसाव्या शतकात सरकारने त्यांच्या डोक्यावर बक्षीस लावले होते. फुरसे मात्र अजून आहे. जूनमध्ये पहिले चार पाऊस झाले की बोटभर मातीतून दीपकाडीचे पांढरे तुरे वर येतात. ही कांद्यासारखा कंद असलेली वनस्पती कोकणच्या सड्यांपलीकडे जवळजवळ कुठेच उगवत नाही. तिच्यामागून पाणथळ जागी सीतेची आसवे येतात. यांची जांभळी फुले नाजूक दिसतात, पण मुळांपाशी सूक्ष्म पिशव्या असतात आणि पाण्यातले बारीक जीव त्यांत ओढून घेतले जातात. दवबिंदू नावाची वनस्पती चिकट केसांवर चिलटे पकडते. जांभ्यावरच्या पातळ मातीत नत्र जवळजवळ नसते, म्हणून या झाडांनी मांसाहार पत्करला. खळग्यांच्या पाण्यात कोळंबीच्या कुळातले इवले जीव दिसतात. पाणी आटायच्या आत त्यांना वाढून अंडी घालावी लागतात, आणि ती अंडी सुकलेल्या गाळात, त्या उन्हात, पुढच्या पावसापर्यंत तग धरतात. टिटव्या आणि चंडोल उघड्या जमिनीवरच घरटे करतात, कारण त्यांना झाडच नको असते. थोडक्यात, सड्यावर झाडे नाहीत म्हणून जीवन नाही असे नाही. झाडे नाहीत म्हणूनच हे जीवन आहे. आणि झाडे नाहीत म्हणूनच शिल्पेही उघडी राहिली. ज्या पातळ मातीने दीपकाडीला जागा दिली, तिनेच शेतीला नकार दिला. शेतीला नकार मिळाला म्हणून नांगर फिरला नाही. नांगर फिरला नाही म्हणून हत्ती राहिला.

हा नकार सरकारी दप्तरात फार वेगळ्या शब्दांत उतरला. सातबाऱ्यावर कातळाची जमीन पोटखराब म्हणून लागते, म्हणजे लागवडीला निरुपयोगी. महसूल गोळा करणाऱ्याच्या दृष्टीने ते बरोबरही होते. ज्यावर पीक नाही त्यावर सारा कसला. पण महसुलापुरता केलेला शेरा पुढे जमिनीचे वर्णन होऊन बसला. विमानतळ हवा, सडा आहे. वसाहत हवी, सडा आहे. जैतापूरच्या अणुऊर्जा प्रकल्पासाठी माडबन आणि आसपासच्या गावांतली सुमारे 938 हेक्टर जमीन घेतली गेली तेव्हा ती पडीक असल्याचा मुद्दा वारंवार पुढे आला आणि तिथे गुरे चारणाऱ्या, आंबा-काजू लावणाऱ्या गावकऱ्यांनी तो तितक्याच वेळा खोडला. 2023 च्या एप्रिलमध्ये तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या माती परीक्षणावरून बारसूच्या सड्यावर आंदोलन पेटले, आणि त्याच सड्यावर युनेस्कोच्या यादीतली शिल्पे होती. प्रकल्प हवा की नको हा वाद इथे सोडवायचा नाही. त्याला रोजगाराची, विजेची, पुनर्वसनाची स्वतंत्र गणिते आहेत. मुद्दा एवढाच, की प्रत्येक वेळी निवड सड्यावर येते ती तो रिकामा आहे या समजुतीवर, आणि वरचे तीन हिशेब मांडले तर ती समजूत टिकत नाही. मोठ्या प्रकल्पांनाच बोल लावण्यातही अर्थ नाही. 1990 पासून रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेने कोकणात आंब्या-काजूची लागवड झपाट्याने वाढवली. कातळात सुरुंग लावून खड्डे पाडायचे, बाहेरून माती आणून भरायची आणि हापूसची कलमे लावायची, ही पद्धत रुळली. हापूसने जिल्ह्याला पैसा दिला हे खरे आणि त्याने किती सडे गिळले हेही खरे.

यावर पहिला आक्षेप व्यवहारी माणसाचा. तो म्हणेल, शिल्पे मोलाची आहेत हे मान्य. मग त्यांच्याभोवती कुंपण घाला आणि बाकीची जमीन वापरा. पाच गुंठ्यांसाठी पाचशे एकर का अडवायचे? ऐकायला हे रास्त वाटते. पण कुंपण म्हणजे नुसती रेषा नसते. सड्यावर पाणी पृष्ठभागावरून पसरट वाहते. पक्की भिंत घातली की उतार अडतो, पाणी आत तुंबते, शेवाळ माजते आणि रेघांत माती बसून गवत धरते. बाहेर वीस पावलांवर चिरेखाण सुरू झाली तर कातळाला कड मिळते, आणि ज्या कातळाला कड मिळते तो कडेपासून भेगाळत सुटतो. शिवाय कुंपण कशाभोवती घालायचे हे तरी कुठे पक्के आहे? आज माहीत असलेल्या आकृत्यांपैकी कित्येक मातीच्या पातळ थराखाली होत्या आणि झाडून काढल्यावर दिसल्या. कुंपण आपल्या आजच्या माहितीला पडते. उद्याची माहिती बाहेर राहते आणि तिच्यावर जेसीबी चालतो. देवीहसोळला आर्यादुर्गेच्या मंदिरालगत कातळावर एक चौकोनी, भौमितिक रेघांचा पट आहे. तो कशाचा, हे ठरवायचे तर आसपासच्या वाटा, पाणी आणि इतर आकृत्या यांच्याशी त्याचे नाते जुळवून पाहावे लागेल. नाते जिथे असू शकते ती जागाच खणून टाकली तर तो पट कायमचा कोड्यात राहील. उक्षीच्या भिंतीला मी नावे ठेवत नाही. गावाने स्वतःच्या हिमतीने केलेले ते काम आहे आणि ते झाले नसते तर बाकीच्या गावांना आपल्याकडेही काही जपण्यासारखे आहे हे पटायला वेळ लागला असता. पण पहिल्या पावलाला मुक्काम समजू नये.

दुसरा आक्षेप अभ्यासकाकडून येतो आणि तो जास्त टोकदार आहे. सडा नैसर्गिक आहे असे म्हणता, पण शेकडो वर्षे तिथे गुरे चरली, उन्हाळ्यात गवताला वणवे लागले, सरपण तोडले गेले, कवळ, म्हणजे झाडांचा फांद्यांसकट पाला, तोडून नेला गेला. मग हे उघडेपण निसर्गाचे की माणसाचे? उत्तर असे, की दोघांचेही. जिथे कातळ खरोखर उघडा आहे तिथे माणूस नसता तरी झाड आले नसते. जिथे वीतभर माती आहे तिथे चराई थांबवली तर करवंदी, दिंडा आणि रानमोडी शिरतात आणि काही वर्षांत सडा झुडपांत हरवतो. हे मान्य केल्याने आपला मुद्दा कमकुवत होत नाही, उलट कुंपणाविरुद्ध आणखी एक कारण मिळते. गुरांना पूर्ण बंदी घालून, माणसे हाकलून सडा जपता येणार नाही. काही ठिकाणी तर वनीकरणाच्या उत्साहात सड्यावर बाहेरची झाडे लावण्याचे प्रयत्न होतात. ओसाड दिसते तिथे हिरवे करावे ही भावना चांगली आहे, फक्त ती चुकीच्या जागी वापरली जाते. सड्याला झाड लावणे ही त्याची सेवा नव्हे.

तिसरा आक्षेप मालकाचा, आणि खरे तर तोच निर्णायक आहे. बहुतेक सडे खासगी आहेत. कित्येक सातबाऱ्यांवर पंचवीस-तीस नावे, त्यांतली निम्मी मुंबईत. सड्यावर पीक येत नाही, पण चिरा निघतो. कोकणातली घरे, गडगे, विहिरी, देवळांची जोती या चिऱ्यांची आहेत. तो स्थानिक आहे, भाजावा लागत नाही आणि दमट हवेत टिकतो. चिरेखाण बंद करा म्हणणाऱ्याने सिमेंटच्या विटा कुठून येतात, त्यांना किती इंधन लागते हेही सांगायला हवे. मालकाने आपल्या जमिनीतला दगड विकू नये, कारण आठशे किलोमीटरवरून येणाऱ्या कोणाला तिथे हत्ती पाहायचा आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. म्हणून प्रश्न खाण असावी की नसावी असा नाही, कुठे असावी असा आहे. पूर्वी खाणी हाताने चालत, पहारीने आणि टिकावाने, आणि गरजेपुरत्या. आता गोल पात्याची यंत्रे आख्खा माथा चौकोनी खड्ड्यांत कापून काढतात, आणि चिरा संपला की खड्डा तसाच सोडला जातो. ज्या सड्याखाली वाडीचे झरे आहेत किंवा ज्यावर आकृत्या नोंदल्या आहेत तो वगळायचा आणि इतरत्र खड्डा भरून देण्याच्या अटीवर परवानगी द्यायची, यात अशक्य असे काही नाही. मात्र वगळलेल्या सड्याच्या मालकाला मोबदला मिळाला पाहिजे. भाडे म्हणा, प्रवेशशुल्कातला वाटा म्हणा, पण तो ठरलेला आणि दरवर्षीचा हवा. नुसत्या वारशाच्या अभिमानावर कोणाचे घर चालत नाही.

पैसा पर्यटनातून यायचा तर चौथा आक्षेप उभाच आहे, की पर्यटक आले की सडा संपला. साताऱ्याजवळचे कास पठार या बाबतीत शिकण्यासारखे आहे. तेही जांभ्याचेच पठार, फक्त हजार मीटरहून उंचावरचे. 2012 मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत त्याचा समावेश झाला. फुलांच्या हंगामात तिथे इतकी गर्दी लोटली, की दैनंदिन मर्यादा, आगाऊ नोंदणी आणि शुल्क लावावे लागले. त्यातून आसपासच्या गावांतल्या तरुणांना कामही मिळाले. म्हणजे गर्दी आवरता येते, पण ती येण्याआधी नियम केले तर कमी नुकसान होते. कातळशिल्पांची एक सोय अशी, की ती गर्दीच्या वेळी दिसतच नाहीत. भर दुपारी ऊन डोक्यावर असताना बोटभर खोल रेघेला सावली पडत नाही आणि समोर नुसता तांबडा दगड दिसतो. सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर तिरपा प्रकाश आला, की रेघेची एक कड काळी होते आणि पाच मिनिटांत जनावर उभे राहते. फोटो नीट यावा म्हणून रेघांत चुना, खडू किंवा रांगोळी भरणारे लोक ही पाच मिनिटे वाचवायला जातात. तसे केल्याने दगडाच्या छिद्रांत परके क्षार जातात आणि पुढे रेघ तपासणाऱ्याची वाट लागते. तेव्हा सड्यावरच्या भेटीचे वेळापत्रक दगडच ठरवून देतो: शिल्पांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारीतल्या सकाळ-संध्याकाळी, दीपकाडीसाठी जूनचा पहिला पंधरवडा, सीतेच्या आसवांसाठी श्रावण-भाद्रपद. हे तिन्ही एका दौऱ्यात दाखवतो म्हणणारा वाटाड्या फसवतो आहे असे खुशाल समजावे.

राहता राहिला कायद्याचा प्रश्न. पुरातत्त्वाचा कायदा स्मारक ओळखतो, वनांचा कायदा झाडे ओळखतो; आडवा, बिनझाडांचा, थोडा कोरलेला, थोडा पाणी मुरवणारा दगड दोघांच्याही चौकटीत नीट बसत नाही. भूवारसा स्थळांसाठी केंद्राच्या खाण मंत्रालयाने 2022 च्या डिसेंबरमध्ये विधेयकाचा मसुदा लोकांसमोर ठेवला होता, पण त्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. 2002 च्या जैवविविधता कायद्याच्या कलम 37 खाली राज्य सरकार स्थानिक स्वराज्य संस्थांशी विचारविनिमय करून जैविक वारसा स्थळ जाहीर करू शकते, आणि त्यासाठी जागा मोठी असावी लागत नाही. शेजारच्या सिंधुदुर्गात आंबोलीच्या हिरण्यकेशीचे कुंड तिथे सापडलेल्या एका इवल्या माशासाठी 2021 मध्ये असे स्थळ झाले; क्षेत्र दोन हेक्टरहून जरासे जास्त. दोडामार्ग तालुक्यातल्या बांबर्डे इथली रानजायफळाची राई अशीच अडीच हेक्टरांच्या आसपास. या दोन्ही ठिकाणी देवस्थान आणि गाव आधीपासून राखण करत होते, सरकारने त्यावर शिक्का मारला. सड्याच्या बाबतीत क्षेत्र मोठे लागेल आणि गट नंबर अनेक येतील. त्यामुळे मोजणी शिल्पापासून बाहेर न करता खालून वर करणे सोपे पडेल. वाडीचा झरा धरायचा, त्याचे पाणी ज्या माथ्यावरून येते तो माथा नकाशावर आखायचा आणि त्या हद्दीतल्या खातेदारांची यादी करायची. झऱ्याचे पाणी पिणारे आणि माथ्याचे मालक पुष्कळदा एकच निघतात, आणि ग्रामसभेत हा विषय हत्तीच्या नावाने मांडला तर जेवढे हात वर होतील, त्याहून जास्त विहिरीच्या नावाने होतील.